ओगुनच्या अंगणात बिनधुराची गाडी

ओगुनदेल्यांच्या घरात वर्षातून एकदा सगळ्या लोखंडाला आंघोळ घालतात, आणि त्या दिवशी घरातल्या माणसांची खरी किंमत कळते. ज्याचं लोखंड मोठं, त्याची खुर्ची लोखंडाच्या देवाच्या, ओगुनच्या वेदीजवळ. एकेकाळी रांगेत कोयते आणि शिकारीच्या बंदुका असायच्या. मग शिलाई यंत्रं आली, कसावा किसायची यंत्रं आली, मोटरसायकली आल्या. मागं एकदा कोतोनू शहरातल्या चुलतभावानं आपला संगणक आणून ठेवला तेव्हा बरीच हमरीतुमरी झाली होती. पण संगणकाच्या पाठीला स्क्रू निघाले आणि ओगुननं त्यालाही पदरात घेतलं.

पेट्रोलच्या बाटल्या काचेच्या, म्हणून त्यांना या रांगेत जागा नव्हती. तरी आकांबी, म्हणजे घरातला थोरला मुलगा आणि वेदीचा पुजारी, दरवर्षी एक काचेची मोठी बरणी काठोकाठ भरून वेदीशी ठेवायचाच. "पेट्रोल म्हणजे लोखंडाचं रक्त," असं तो सांगायचा. हे कुठल्या जुन्या मंत्रात नव्हतं. पण घरावरचा प्रत्येक पत्रा, मुलांच्या शाळेची फी आणि आकांबीच्या म्हाताऱ्या बापाचं थाटात झालेलं मर्तिक, सगळं सीमेपलीकडून चोरून आणलेल्या पेट्रोलमधूनच आलं होतं. त्यामुळं मंत्र तपासायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं.

आकांबीची बायको आदुके मागच्या अंगणात आकाराची भजी तळायला चवळीचं वाटण फेसत बसली होती. तिचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजून सुरकुतलेला होता. चौकातल्या घरच्या पेट्रोलच्या टपरीवर बाटल्या भरताना एकदा बरणीनं पेट घेतला होता, त्याची ती खूण. घरात त्याबद्दल फारसं कुणी बोलत नसे. टपरी वाचली होती, एवढं सगळ्यांना लक्षात होतं.

"वहिनी, आत्याच्या कानावर घातलंस का?" मोरेनिके पाटावर बसत हळूच म्हणाली. ती आकांबीची सावत्र बहीण, धाकट्या आईची मुलगी. आदुके लग्न होऊन या घरात आली तेव्हा मोरेनिकेचे दुधाचे दात पडत होते. पण सून घरात येण्याआधी जन्मलेलं प्रत्येक पोर तिच्यापेक्षा मानानं मोठं, ही इथली रीत. त्यामुळं आदुकेनं त्या बोबड्या पोरीला पहिल्या दिवसापासून अहोजाहो केलं होतं.

"काल त्यांच्या वेण्या घालताना घातलं, मोरेनिकेताई. की तुमची ही नवी गाडी विजेवर चालते म्हणे, आणि वीज कुणाची असते हो आत्या? एवढंच. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. ऐकलं की झोपल्या, देव जाणे."

"आत्या झोपत नाही. आत्या साठवून ठेवते."

"तुम्ही कबूल केलंय ते मात्र विसरू नका."

"देजीचं ना? अगं, चौकात माझं बॅटरी बदलायचं ठाणं उभं राहू दे, पहिला माणूस आपला देजी. मोटरसायकलवर भाडं मारणारे झेमवाले रिकामी बॅटरी देतील, हा भरलेली लावून देईल. अंगात गणवेश, डोक्यावर पंखा. फक्त आज दादानं गाडीला आंघोळ घातली पाहिजे आणि चौकातली घरची जागा द्यायला हो म्हटलं पाहिजे. उद्या विजेच्या गाड्यांच्या कंपनीची माणसं येतायत. आज नाही झालं तर ते ठाणं दुसऱ्या गावाला नेतील."

आदुकेनं मान हलवली आणि फाटकाकडं पाहिलं. तिथं देजी, तिचा एकुलता एक मुलगा, आपली मोटरसायकल फडक्यानं पुसत होता. बापानं त्या गाडीच्या मागं आणि दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटी जोडून घेतल्या होत्या, पेट्रोलचे डबे बांधायला. आज तिला आंघोळ, आणि उद्या पहाटे सीमेवरच्या इगोलो गावाहून पेट्रोल आणायची देजीची पहिली खेप. महिनाभर पोरगा चौकात छाती काढून हिंडत होता. आणि महिनाभर आदुकेला घास गिळवत नव्हता. पण सुनेनं कढई सांभाळावी, सभा नव्हे, हे तिला या घरात कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच तिनं येऊ दिली नव्हती.

आकांबी एका हातात कोंबडा आणि दुसऱ्या हातात पामतेलाचं भांडं घेऊन रांगेवरून निघाला तेव्हा सगळं घर अंगणात जमलं होतं. मध्ये उंच खुर्चीवर थोरली आत्या, घराची सगळ्यात वडील लेक, दात घासायची काडी चघळत बसली होती. फाटकाबाहेर झेमवाल्यांचा घोळका उभा होता. त्यांना मोरेनिकेच्या गाड्या हव्या होत्या. सीमेपलीकडं पेट्रोल महागल्यापासून त्यांच्या खिशाला भोक पडलं होतं. पण ओगुनचा हात न फिरलेल्या गाडीवर बसायला त्यातला एकही तयार नव्हता.

आकांबी शिलाई यंत्रावरून आला, किसणीवरून आला, मुलाच्या गाडीवर त्यानं जरा जास्तच तेल ओतलं, आणि मोरेनिकेच्या हिरव्या गाडीपाशी येऊन थबकला. ही गाडी येणार हे त्याला महिनाभर ठाऊक होतं. तरी त्यानं ती आत्ताच आभाळातून पडल्यासारखा चेहरा केला.

"ही काय भानगड आहे?"

"गाडी आहे, दादा. बॅटरीची."

आकांबीनं वाकून वास घेतला. "टाकी कुठंय?"

"नाही."

"सायलेन्सर?"

"नाही."

"बरं, चालू कर."

मोरेनिकेनं किल्ली फिरवली. सगळ्यांनी कान टवकारले. एक कोंबडी तेवढी कॉक् करून गेली.

"झाली चालू," मोरेनिके म्हणाली.

अंगणात हशा पिकला. आकांबीला तोच हवा होता. तो लोकांकडं वळला. "बघा, मंडळी! हिला भूक नाही, ढेकर नाही, धूर नाही. लोखंड कसं असतं? खातं, पितं, ओरडतं, माणसाला दम देतं! आमच्या बापानं जन्मभर लोखंडाला पाजलं. हे खेळणं आहे, खेळणं. ओगुन खेळण्यांना आंघोळ घालत नाही."

फाटकाबाहेरून झेमवाल्यांचा म्होरक्या लासिसी ओरडला, "म्हणजे ओगुनची नाही का ही? मग आम्ही नाही बसणार बुवा! पडलो-झडलो तर कुणाच्या नावानं बोंब मारायची?"

मोरेनिकेचा चेहरा उतरला. तिनं आदुकेकडं पाहिलं. आकाराचं ताट घेऊन उभी असलेली आदुके ताटाकडं पाहत राहिली.

आत्यानं तोंडातली काडी काढली. "आकांबी, नीट सांग रे. मला कमी ऐकू येतं. ही ओगुनची नाही म्हणतोस?"

"नाही, आत्या."

"वेदीसमोर उभा राहून म्हणतोस?"

"वेदीसमोर म्हणतो. घरातला थोरला म्हणून म्हणतो."

"बरं झालं, निकाल लागला. मग ही चालते तरी कशावर?"

"विजेवर, आत्या," मोरेनिके म्हणाली.

"विजेवर," आत्यानं घोळवून म्हटलं. आणि काडी पुन्हा तोंडात घातली.

तेव्हा मागच्या ओळीतून कुणीतरी खाकरलं. ती इया आयोका होती, मोरेनिकेची आई, म्हाताऱ्याची धाकटी बायको. तिचं माहेर शांगोच्या पुजाऱ्यांचं. कुठं वीज कोसळली की आख्खा गाव तिच्या भावाच्या पाया पडायला जाई. पण ओगुनच्या या घरात त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. सवतीच्या मुलांनी तिला इतकी वर्षं मागच्या बाकावर बसवलं होतं.

"आभाळातली वीज कुणाची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे," इया आयोका शांतपणे म्हणाली. "शांगोची. म्हणजे गाडी शांगोची. आकांबीनं स्वतःच्या तोंडानं सोडलीय, माझं काही म्हणणं नाही. माझ्या भावाला निरोप धाडते. कोंबड्यावर नाही भागायचं हो, मेंढा लागेल. आणि चौकात शांगोची वेदी बसवावी लागेल."

"मेंढा परवडला!" लासिसी फाटकावर चढून म्हणाला. "कुठलाही देव द्या, पण आज द्या!"

आकांबीच्या हातातला कोंबडा फडफडला. त्याला हिशेब कळायला वेळ लागला नाही, कारण तो मूर्ख नव्हता. नुसता थोरला होता. चौकातल्या बाटल्यांवर धूळ बसतेय हे तो रोज पाहत होता. उद्या सकेते गावातल्या सगळ्या गाड्या अशाच मुक्या झाल्या, तर पुढच्या वर्षी या अंगणात कोण येणार? दोन शिलाई यंत्रं आणि एक संगणक. बाकी सगळं गाव मेंढे घेऊन सावत्र आईच्या भावाच्या दारी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात तर त्यानं वेदीसमोर दाखवला होता.

"तसं एकदम म्हणता येणार नाही," तो म्हणाला.

"काय म्हणता येणार नाही?" आत्यानं कानामागं हात धरला.

"म्हणजे, नीट बघायला हवं ना." त्यानं कोंबडा देजीच्या हातात दिला आणि गाडीसमोर गुडघ्यांवर बसला. "चाकाच्या तारा कशाच्या आहेत? लोखंड. हा दांडा? लोखंड. हे बघा, नट! इथं नट, इथं नट, अरे हिला नटच नट आहेत! संगणकाला चार स्क्रूंवर घेतलं आणि हिला बाहेर ठेवायचं? वीज नुसती येते-जाते, आत्या. पाहुणी. अंग ओगुनचं आहे. आणि बॅटरीत तरी काय असणार? लोखंडच!"

मोरेनिकेनं बॅटरीबद्दल खरं सांगायला तोंड उघडलं. आदुकेनं चटकन ताट पुढं केलं. "गरम आहेत, खाऊन घ्या, ताई." मोरेनिकेनं आकारा तोंडात घातला आणि सत्य गिळलं.

"पण मघाशी तर..." इया आयोका म्हणाली.

"मघाशी मी वरवर पाहिलं होतं!"

देवाचा कौल घ्यायला आत्यानं कोलाची बी मागवली, फोडून जमिनीवर टाकली. दोन पाकळ्या उताण्या, दोन पालथ्या. ओगुननं गाडी घेतली. आकांबीनं सुटकेच्या आनंदात पामतेलाचं अख्खं भांडं उचललं आणि मोरेनिके किंचाळली, "दादा, बॅटरीवर नको! चाकावर, चाकावर!" झेमवाल्यांनी फाटक उघडायचीही वाट पाहिली नाही.

जेवणं झाल्यावर चौकातल्या जागेची गोष्ट निघाली, आणि तोवर आकांबी पुरता नव्या धर्मात गेला होता. "मी पहिल्यापासून म्हणतच होतो," असं त्यानं सुरुवातीलाच सांगितलं, आणि कुणी खोडलं नाही, कारण सगळ्यांची पोटं भरली होती. जागा देऊ, पण पाटीवर बापाचं नाव हवं. ठाण्याचा अध्यक्ष आकांबी. काम मोरेनिकेनं बघावं. एका बाजूला बॅटऱ्या, दुसऱ्या बाजूला बाटल्या, म्हणजे जुनं गिऱ्हाईकही तुटायला नको. इया आयोकाला पुढच्या ओळीत खुर्ची मिळाली. आदुके भांडी विसळता विसळता ऐकत होती. आता देजीचं नाव निघेल, असं तिला वाटलं. आपण वेण्या घालताना टाकलेल्या एका वाक्यानं केवढं काम केलं, याचा तिला मनातून अभिमानच वाटत होता.

तेवढ्यात आत्यानं विचारलं, "सकेतेची वीज जेवायला बसलं की जाते. गेली म्हणजे तुझ्या बॅटऱ्या कशा भरणार गं?"

मोरेनिकेनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "त्याची सोय आहे, आत्या. कंपनी जनरेटर ठेवते."

"आणि तो काय पितो?"

मग आकांबी उठून उभा राहिला. तो असा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पेट्रोल! अगं बाई, म्हणजे तुझ्या विजेला माझं पेट्रोल लागतं!"

सगळं अंगण हसलं. झेमवाले हसले. इया आयोकासुद्धा पदराआड हसली.

"सुरुवातीचे काही महिनेच," मोरेनिके घाईनं म्हणाली. "मग छपरावर सौरपट्ट्या बसवणार आहेत. पंपावरचं महाग पडतं, दादा. कंपनी खर्चाचं बघते, कुठून आणलं ते विचारत नाही. मी म्हणणारच होते, की तूच पुरव."

"पुरवतो की! देजी आहेच. आता एक खेप कशाला, रोज दोन करेल!"

"हो!" देजी ओरडला आणि जागच्या जागी नाचला.

आदुकेच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिनं मोरेनिकेकडं पाहिलं. मोरेनिकेनं तिच्याकडं पाहिलं नाही. म्हणजे हिला हे आधीपासून माहीत होतं. भावाला वळवायला काहीतरी हातचं राखून ठेवावं लागतं, तसा हिनं देजी राखून ठेवला होता. आदुकेला राग आला, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. शहाणपणा करून तिनं मुलाची एक खेप टाळायला घेतली होती आणि पदरात दोन पडल्या होत्या.

ती हात पुसत उठली, मोठ्या माणसांच्या मध्ये आली आणि रीतीप्रमाणं गुडघ्यांवर बसली.

"देजी नको," ती म्हणाली. "डबे आणायला मी जाते."

आकांबीला वाटलं थट्टा आहे. "तू? कुठं?"

"इगोलोला. मला गाडी चालवता येते. टपरीचा माल मीच ने-आण करते ना गावात? देजी ठाण्यावर बसेल, ताईंनी कबूल केल्याप्रमाणं. मी जाते."

"वेड लागलंय का तुला?" आकांबी भडकला. "ओगुनदेल्यांची सून डबे वाहणार? आणि ते काय पाण्याचे डबे आहेत? पुढं डबे, मागं डबे, मांडीत डबा. पाय जमिनीला टेकत नाहीत!"

"आणि तो रस्ता!" चुलतभाऊ म्हणाला. "नुसते खड्डे. एक डबा गळायला लागला आणि सायलेन्सरवर थेंब पडला की संपलं, वहिनी!"

"जकातवाले पाठीला लागतात," इया आयोका म्हणाली. "ते पाठीला लागले की पोरं दिवे न लावता पळवतात. गेल्या पावसात तो इफान्यीचा मुलगा... त्याच्या आईला दाखवलाही नाही."

"आमच्यातलेच किती गेले," लासिसी फाटकाजवळून म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"आमच्या ओलूचं काय झालं, आठवत नाही का तुला?" आत्या मोठ्यानं म्हणाली. ओलू म्हणजे आकांबीचा पाठचा भाऊ, अशाच एका खेपेत जळून गेलेला. तो त्या दिवशी वेदीला हात न लावता निघाला म्हणून तसं झालं, असं घरात ठरलं होतं, आणि ठरल्यापासून त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. आत्याचा आवाज चिरकला. "वेदीला हात लावून गेला होता तो. मी इथंच बसले होते. मी पाहिलं होतं."

आदुके गुडघ्यांवर बसून सगळं ऐकत होती. वर्षानुवर्षं तिच्या घशात अडकलेलं एकेक वाक्य या माणसांनी आपणहून बोलून दाखवलं होतं. तिनं एका शब्दाचीही भर घातली नाही. तिला रडू येत होतं आणि ते तिनं लपवलंही नाही.

देजी आपल्या गाडीजवळ उभा होता. "बाबा," तो म्हणाला, "तुम्ही तर सांगायचात, मांडीत डबा धरला की घोड्यावर बसल्यासारखं वाटतं म्हणून."

आकांबीनं गाडीच्या चौकटीकडं पाहिलं.

"खरंच पाय टेकत नाहीत?"

"नाही टेकत."

"मग तुम्ही थांबायचात कसे?"

"थांबायचं नसतं," आकांबी म्हणाला. आणि मग, "मला भीती वाटायची. रोज वाटायची."

आत्यानं खुर्चीच्या हातावर काडी आपटली. "जनरेटरचं पेट्रोल पंपावरून विकत आणा."

अंगणातून एकदम कुजबुज उठली. ओगुनदेल्यांनी पंपावर जायचं! ज्या पंपवाल्यांना आकांबीनं भर चौकात 'पाणी विकणारे' म्हणून हिणवलं होतं, त्यांच्याच दारात, रांगेत, गावाच्या डोळ्यांदेखत? चुलतभावानं नको नको म्हणून हात हलवले. मोरेनिके खर्चाचं काहीतरी पुटपुटली. आता आकांबी कसा उसळतो ते बघायला लासिसी पुढं येऊन उभा राहिला.

आकांबी मुलाच्या गाडीपाशी गेला. तिच्या चौकटीवर अजून सकाळचं तेल चमकत होतं. त्यानं तिची किल्ली काढून घेतली.

"जातो," तो म्हणाला. "उद्या सकाळी मीच जातो, आणि रांगेत उभा राहतो. बघू दे लोकांना."